विटकरी टाका, जवळून

२४ जानेवारी, बुधवार

काका,

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की दुकानात पाहिलेली पन्नास मिलिमीटरची लेन्स वस्तू आहे तेवढ्याच मापाची टिपते. तसं नाही. ती निम्म्या मापाची टिपते. दुकानदार बोलला ते मी तसंच उतरवलं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तिच्या अंगावर कोरलेले आकडे वाचले तेव्हा कळलं. तोवर पत्र पेटीत पडलं होतं. तुम्ही त्यावरून काही ठरवलं असेल तर ते सोडून द्या.

तुमचं कार्ड मिळालं. 'फोटो कशाचे काढायचे ते आधी सांग. किडा की कापड? त्यावर लेन्स ठरते. घाई करू नकोस.' चार वर्षांनी चार वाक्यं, म्हणजे वर्षाला एक, असं आई म्हणाली. म्हणाली आणि कार्ड बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलं. बाबा तो डबा उघडत नाहीत.

कापड, काका. किडा नाही. आणि हीही दुरुस्तीच समजा, कारण मी 'छंद म्हणून' असं लिहिलं होतं. छंद नाही. मला वाटलं, छंद म्हटलं तर तुम्ही उत्तर द्याल. दुकानाचं काम म्हटलं तर कार्ड न वाचता ठेवून द्याल.

जुन्या कापडांचं एक संग्रहालय आहे, त्यांनी बाबांना रफूचं काम दिलंय. चाळीसेक कपडे, वर्षभराचं काम. हल्ली कोट फाटला तर लोक नवा घेतात, त्यामुळे हे काम आलं तेव्हा बाबा दोन दिवस टेबलावर तबला वाजवत होते. पण अट अशी की प्रत्येक भोकाचा फोटो हवा, रफूच्या आधी आणि नंतर. टपालाच्या तिकिटाएवढी जागा पूर्ण चौकटभर दिसली पाहिजे, प्रत्येक धागा मोजता आला पाहिजे. आत्याच्या मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. त्याच्यासोबतची लेन्स एवढ्या जवळून काही टिपत नाही. शर्टाचं अख्खं बटणसुद्धा तिला लांबून बघावं लागतं.

आई म्हणते, "भोकं बुजवण्यात जन्म गेला, आता त्या भोकांचे फोटो काढा आणि भिंतीवर लावा."

मला परवडतील अशा तीन गोष्टी आहेत. एक ती पन्नासची, जुनी. दुसरी शंभरची, तीही जुनी, कधी कुठे वापरली होती कोण जाणे. तिसरी म्हणजे काहीच न घेता आहे त्या लेन्सच्या मागे पोकळ नळ्या बसवायच्या. नळीने लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे सरकते आणि जवळचं दिसतं, एवढं मला समजलंय. चौथी नवी कोरी लेन्सही आहे, वस्तू दुप्पट मोठी दाखवणारी. तिची किंमत आईच्या मापाने दोन हिवाळे. ती सोडून द्या. या सगळ्या हाताने फोकस करायच्या आहेत. आपोआप फोकस करणारी लेन्स मी विचारलीच नाही.

आत्या म्हणाली की तुम्ही हल्ली तिथे लेन्स दुरुस्त करता, उघडून आतून पुसता. म्हणून तुम्हाला विचारते. दुसरं कारण नाही.

बाबा मजेत आहेत.

तुमची,
डावरी


११ फेब्रुवारी, रविवार

काका,

बाबा मजेत आहेत असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. पण आधी लेन्सचं सांगते, कारण तुम्ही तेवढंच विचारलंय.

तुमचं दुसरं कार्ड यायच्या आधीच मी पन्नासची तीन दिवसांच्या बोलीवर घरी आणली होती. घाई करू नकोस म्हणालात आणि मी केली. तुम्ही लिहिलंत तसंच झालं. नळी लावून तिकिटाएवढी जागा टिपायला गेले तर लेन्सचं तोंड कापडापासून चार बोटांवर आलं आणि तिची स्वतःचीच सावली रफूवर पडली. दिवा उजवीकडून लावला, डावीकडून लावला, आईला हातात दिवा घेऊन पलंगावर उभं केलं. "आता माझी आरास करतेस का?" म्हणाली. सावली हलली नाही. तिसऱ्या दिवशी परत केली.

तो दुकानदार कपाळावर एक चष्मा आणि नाकावर एक असे दोन लावतो, म्हणून आम्ही त्याला दोनचष्मे म्हणतो. त्याला वाटत होतं मी ऑटो घ्यावी.

"ताई, बटण दाबलं की काम. कशाला हाताने फिरवत बसता?"

"कापड हलत नाही," मी म्हटलं. "त्याच्या मागे धावायचं नाही."

"मग घ्या मॅन्युअल. फुलपाखरावाले येतात ना, ते आठ दिवसांत परत आणून देतात. फुलपाखरू थांबत नाही म्हणतात. मी काय करू? मी फुलपाखरं विकत नाही."

शंभरची मी तुमच्या कार्डाबरहुकूम तपासली. मोबाइलची बॅटरी मागून मारून पुढून पाहिलं. एका काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती, नखाच्या चंद्राएवढी. दोनचष्मे म्हणाला फोटोत दिसणार नाही. मी म्हटलं, तरी मी ती चिठ्ठीवर लिहून घेते. आतली पाती उघडझाप केली, त्यांवर तेल नव्हतं. रिंग जड आहे. तुम्ही लिहिलं होतंत, 'जड चालेल, सैल नको.' एवढी जड की मधाच्या बाटलीचं झाकण फिरवल्यासारखं वाटतं. हीसुद्धा निम्म्या मापाचीच आहे, पण तिच्या जोडीची नळी तिच्याबरोबर मिळाली. नळी लावली की तिकीट चौकटभर.

मी पिशवीतून रफूचा एक तुकडा काढला आणि काउंटरवर टाचण्यांनी ताणून बसवला. रिंग एका जागी ठेवली आणि कॅमेरा डोळ्याला लावून मान पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले, धागे उमटेपर्यंत. दोनचष्मेने दोन्ही चष्मे नाकावर घेतले.

"हे कुणी शिकवलं? लोक रिंगशी मारामारी करतात आठ-आठ दिवस."

"घरी," मी म्हटलं.

भिंग धरलं की हात थिजला पाहिजे, मान हलली पाहिजे. हे तुम्ही मला आठव्या वर्षी सांगितलंत. तुम्ही बाजूला बसायचा नाहीत, समोर बसायचात, म्हणजे तुमचा उजवा हात मला आरशातल्यासारखा डावा दिसायचा आणि मी तसंच करायची. बाबा आत आले की मी सुई उजव्या हातात घ्यायची. बाबांना अजून वाटतं की त्यांनी माझा डावा हात सोडवला.

मग ती शंभरची घेतली. अजून वजन हातात बसलं नाही, पण सावली पडत नाही. कापड आणि लेन्सच्या मधून दिव्याचा उजेड आरामात आत जातो.

आता बाबांचं. त्यांना मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू नाही, काढून टाकण्यासारखं काही नाही, आहे ते सांभाळायचं. बाबा म्हणतात, हल्ली बल्बमध्ये दम उरलेला नाही. सकाळी आई वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवते आणि बाबा दिवसभर त्या वापरतात, म्हणजे वापरतात असं आम्ही धरून चालतो. बारीक काम सगळं माझ्याकडे आहे, मागच्या टेबलावर. दीड वर्ष झालं. गिऱ्हाइकाला बाबा म्हणतात, "मीच करतो, पोरगी मदत करते." मला त्याचं काही नाही. पण संग्रहालयाच्या कागदावर काम कोणी केलं ते लिहावं लागतं, आणि तिथे मी बाबांचं नाव लिहिते, आणि लिहून झालं की कागद लगेच उलटा करून ठेवते.

संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं की तुमच्या दुकानाच्या जुन्या कोटांत अस्तराच्या आत हा एक रंगीत टाका कसला असतो. मी लिहून दिलं: 'रफू करणारा प्रत्येक जण काम संपलं की अस्तराच्या आत आपल्या रंगाचा एक टाका घालतो. कपडा परत आला तर हात कोणाचा ते कळावं म्हणून. आजोबांचा काळा, वडिलांचा निळा, काकांचा विटकरी. शिकणाऱ्याला स्वतःचा रंग मिळेपर्यंत तो शिकवणाऱ्याचा रंग घालतो.' बाबांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य ऐकून म्हणाले, "ते कशाला? त्यांना काय करायचंय? काढून टाक."

मी काढून टाकलं.

डावरी


२७ फेब्रुवारी, मंगळवार

काका,

आज वकीलबाई आल्या होत्या. कोट घेऊन. तोच, राखाडी, त्यांच्या यजमानांचा, चार वर्षांपूर्वी तक्रार होऊन परत आलेला. यजमान गेले तेव्हापासून तो कपाटात होता. आता मुलगा त्यात मावतो म्हणून त्यांनी काढला. तुम्ही केलेला रफू अजून तसाच आहे, डाव्या खिशाच्या वर, पुरी फुगावी तसा फुगलेला. त्यांनी तो दुसरीकडे दुरुस्त करून घेतला नव्हता. मला वाटत होतं घेतला असेल.

बाबा काउंटरवर होते. त्यांनी वकीलबाईंना आवाजावरून ओळखलं.

"तुमचे भाऊ कुठे दिसत नाहीत?"

"तो नसतो आता इथे. डोळे गेले होते त्याचे, कबूल करत नव्हता. मग हात बिघडतोच ना."

"अरेरे. चांगला माणूस होता. माझ्या मुलाच्या मुंजीतल्या लुगड्याला..." असं काहीतरी त्या सांगायला लागल्या आणि आईने मध्येच पावतीपुस्तक आपटलं.

त्या गेल्यावर बाबांनी कोट उलटा केला, अस्तराची शिवण बोटाने चाचपली, टाका सापडला. सापडला पण रंग दिसेना. खिडकीपाशी नेला. मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघितलं. मग हाक मारली.

"बघ गं. कुठला आहे?"

"विटकरी," मी म्हटलं.

"मग झालं," बाबा म्हणाले.

चार वर्षांपूर्वीही त्यांनी हेच विचारलं होतं. तेव्हा त्यांना दिसत होतं, तरी मला विचारलं होतं, चार माणसांसमोर, म्हणजे तुम्हाला लागावं. तेव्हाही मी हेच उत्तर दिलं होतं. खोटं नव्हतं.

कोट उसवून नव्याने करायचा आहे. वकीलबाईंना १९ मार्चला, मंगळवारी द्यायचा ठरलाय. सवयीने मी आधीचा फोटो काढला. आजपर्यंतचा सगळ्यात स्वच्छ फोटो आहे. आतली पाती आठच्या आकड्यापर्यंत बंद केली होती. दिवा अगदी आडवा, टेबलाला टेकवून लावला होता, म्हणजे प्रत्येक धाग्याची सावली त्याच्या शेजारी पडते. कडा पण मधल्यासारख्याच धारदार आल्यात, त्या अर्थी लेन्स चांगली आहे. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला.

बाकी नंतर लिहिते. आई जेवायला हाका मारतेय.


१ मार्च, शुक्रवार

काका,

मंगळवारच्या पत्रात 'तुम्ही केलेला रफू' असं मी लिहिलंय. ते खोडा. मी केलेला.

हे तुम्हाला माहीत आहे. तरी मला लिहायला हवं, कारण मी ते कधी कुठेच लिहिलेलं किंवा बोललेलं नाही. त्या दुपारी तुम्ही धागे आणायला बाजारात गेला होतात. वकीलबाईंचा कोट तुमच्या टेबलावर होता. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला रंग हवा होता. तुम्ही यायच्या आत रफू करून दाखवला तर बाबा नाही म्हणणार नाहीत असं वाटलं. आतल्या पट्टीतून धाग्यांसाठी तुकडा कापला. तुम्ही तुकडा घेताना उभ्या धाग्यांच्या बाजूला खुणेची गाठ मारता, कापायच्याही आधी. मी म्हटलं, लक्षात राहील. मग फोन वाजला, तो घेतला, परत आले तेव्हा तुकडा हातात फिरला होता. आडवे धागे मी उभ्यांच्या जागी घातले.

दिसायला छान दिसलं. त्या कापडाचे आडवे धागे वाफेने आवळतात आणि उभे आवळत नाहीत, हे पहिली इस्त्री होईपर्यंत कोणाला दिसणार? मी तुमचा विटकरी टाका घातला, नियमाप्रमाणे, आणि कोट खुंटीवर लावला.

आता खुंटीचं. चार वर्षं मी असं धरून चालले की तो तपासायच्या खुंटीवर लावला. म्हणजे तुम्ही आलात, तुम्ही बघितलात, कदाचित एखादा टाका सारखा केलात, आणि बिघडलं ते त्यात बिघडलं. तुमच्या डोळ्यांबद्दल बाबा म्हणत होतेच. ती खुंटी मी इतक्या वेळा आठवली की ती तपासायचीच खुंटी होऊन बसली. आत्याने सांगितलं की तुम्ही लेन्समधली बुरशी पुसता, दुसऱ्याला भिंगातूनही दिसणार नाही अशी, तेव्हासुद्धा मी स्वतःशी म्हटलं, चष्मा बदलला असेल.

फोटोत कडेचे सगळे टाके डावीकडे झुकलेत. एक न् एक. मी मोजले, सदतीस. उजव्या हाताचा एकही टाका त्यात नाही. तुम्ही त्या कोटाला हात लावलेला नाही. म्हणजे तो तपासायच्या खुंटीवर नव्हता, तयार कामाच्या खुंटीवर होता, आणि तिथे मीच लावला होता. आईने तिथून काढून दिला. उभ्यांच्या जागी जाड, केसाळ धागे दिसतात. शिकाऊ पोरालासुद्धा सांगता येईल.

कोट परत आला त्या दिवशी तुम्ही तो हातात घेतलात, खिडकीकडे तोंड करून एकदा बघितलात, मग माझ्याकडे बघितलंत. दोन सेकंद. मग बाबांना म्हणालात, "रंग माझाच आहे." हात माझा असं म्हणाला नाहीत. त्यावर बाबा बोलायचं ते बोलले, डोळे गेलेत, मान्य कर, दुकानाचं नाव घालवलंस. तुम्ही कात्री आणि भिंग पिशवीत घातलंत. मी मागच्या टेबलाशी उभी होते. माझ्या डाव्या हातात सुई होती, ती मी उजव्या हातात घेतली. हे मला सगळ्यात जास्त आठवतं आणि हे मी कोणाला सांगू शकत नाही.

हे पत्र टाकेन की नाही माहीत नाही. टाकलं तर उत्तर लेन्सबद्दल दिलंत तरी चालेल.


१२ मार्च, मंगळवार

काका,

टाकलं, हे तुम्हाला कळलंच. तुमचं कार्ड शनिवारी आलं. आईने बटणांच्या डब्यात ठेवायच्या आधी वाचलं आणि मग डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. तुमची वाक्यं मोजली, सहा झाली. तिसरं आणि चौथं लेन्सचं. 'अकराच्या पुढे बंद करू नकोस, धार मरते. रिंग उन्हाळ्यात सैल पडेल, तेव्हा कळव.' पाचवं कोटाचं: 'उसव, उभे धागे उभे घाल, देऊन टाक.' आणि शेवटचं: 'दादाला काही सांगू नकोस, त्याला आता झेपायचं नाही.'

पहिली दोन मी इथे लिहीत नाही. ती मला पाठ झालीत.

लेन्सची घाई सोडली तर तुमचं मी आजवर एकदाच ऐकलं नाही, त्या गाठीचं. हे दुसरं. नीट सांगते का ते, म्हणजे हट्ट वाटणार नाही.

संग्रहालयाची पहिली खेप पुढच्या मंगळवारी जायची आहे, त्याच दिवशी वकीलबाई यायच्या आहेत. रविवारी दुपारी बाबा मागच्या टेबलापाशी आले. खुर्ची ओढून बसले. त्यांना बसताना बघून मला वाटलं काहीतरी कळलं.

"कागदावर माझं नाव लिहितेस," म्हणाले. "पुरे आता. आत्तापासून तुझा टाका घाल."

मी सुई खाली ठेवली.

"रंग कुठला घेऊ?"

"नवा रंग कशाला? आपल्याकडे विटकरी रिकामाच आहे."

आई बटणं निवडत होती. तिच्या हातातली वाटी तिरपी झाली आणि सगळी बटणं जमिनीवर.

"रिकामा?" आई म्हणाली. "माणूस जिवंत आहे अहो. भाड्याची खोली आहे का ती, रिकामी व्हायला?"

"जिवंत आहे म्हणून कुठे टाका घालतोय?"

"घालेल कसा? तुम्ही सुई ठेवलीत का हातात त्याच्या?"

बाबा वाकून बटणं गोळा करायला लागले. मधलं दिसत नाही ना, त्यांचा हात बटणाच्या शेजारी पडत होता, बटणावर नाही. मग आईच खाली बसली आणि दोघं मिळून गोळा करत राहिले. थोड्या वेळाने बाबा खालूनच म्हणाले, "तो असता तर हे संग्रहालयाचं काम त्यानेच केलं असतं. माझ्यापेक्षा चांगलं." त्यांनी ते कोणाला म्हटलं ते मला कळलं नाही. आईने ऐकलं नसल्यासारखं केलं.

मी म्हटलं, "विचार करून सांगते." बाबांनी मान डोलावली. उठताना विटकरी रीळ माझ्या टेबलावर ठेवून गेले. तुमचंच, अर्धं उरलेलं. चार वर्षं ते कुठे ठेवलं होतं त्यांनी, मला माहीत नव्हतं. मी फेकलेलं धरलं होतं.

आता सांगा, काका. मी तो रंग घेतला तर पुढे कधीतरी कोणीतरी वकीलबाईंच्या कोटाचं अस्तर उसवेल आणि म्हणेल, हा त्या मुलीचा टाका. आणि ते खरंच असेल. पण तुमचे वीस वर्षांचे बाकीचे सगळे कोटही माझेच होतील. आणि नाही घेतला तर बाबा विचारतील, 'का?', आणि मला खोटं बोलता येत नाही. मला फक्त खरं बोलून गप्प बसता येतं. ते मी दोनदा केलंय, तिसऱ्यांदा होणार नाही. नुसता विचार केला तरी बाकीचं काम होत नाही, रोज दोन दोन टाके उसवते.

म्हणून कोट मी उसवलेला नाही. तुम्ही सांगितलंत तरी. आधी बाबा बघतील.

बाबांना कापडावर दिसणार नाही, भिंगातूनही नाही. पण कॉम्प्युटरवर मी तो फोटो मोठा केला की एकेक धागा बोटाएवढा होतो, आणि बाबा पडद्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघत बसले की त्यांना कडेने तो दिसतो. दुसरा एक फोटो दाखवून मी आठवड्यापूर्वी हे तपासून घेतलं. संग्रहालयाचा आहे असं म्हटलं, आणि तो संग्रहालयाचाच होता. "हां," म्हणाले, "माझ्यासारखाच उजवीकडे झुकलाय, पण माझ्याएवढा घट्ट नाही, तुझा आहे." बरोबर होतं. तो मी त्यांच्यासमोर बसून उजव्या हाताने केला होता.

लेन्सचं म्हणाल तर मला वाटतं योग्य घेतली. जास्त काही करता येत नाही तिला. आपोआप काही करत नाही, आपण मान पुढे नेली तरच दिसतं. मला तेवढंच येतं.

दुकान सोमवारी बंद असतं. आई सकाळी आत्याकडे जाणार आहे. मी तिला जाऊ नकोस म्हटलं, ती म्हणाली, "मी घरात असले की तू माझ्याकडे बघत बसशील, बाबांकडे नाही." बहुतेक तिला सगळं माहीत आहे. किती दिवसांपासून ते विचारायचा मला धीर नाही.

आधी फोटो दाखवेन. टाके मोजून दाखवेन. मग बाबांसमोर बसेन, बाजूला नाही, समोर, आणि त्या कोटाच्या आतल्या पट्टीतून तुकडा कापेन. कापायच्या आधी गाठ मारेन. सुई डाव्या हातात धरेन. त्यानंतर बाबा काय म्हणतील ते मला माहीत नाही आणि मी त्याचा अंदाज करत नाही, कारण गेले आठ दिवस मी तेच करत होते. रंग कुठला ते त्यांना मग ठरवू दे, किंवा त्यांनी तो देऊच नये. विटकरी रीळ त्यांच्या हातात परत देईन.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. म्हणायचा हक्क मला नाही. पण दिवस तुम्हाला माहीत असायला हवा, म्हणजे त्या सकाळी तुमच्या टेबलाशी काम करताना इथे काय चाललंय ते तुम्हाला कोणी न सांगताही कळेल. कोट कापायच्या टेबलावर खिडकीचा उजेड साडेनऊ ते दहापर्यंत तिरपा येतो, नंतर फिरतो. त्या वेळात. सोमवारी, अठरा मार्चला.